लाईट गेली, वायफाय दिसना, मराठी उमटंना: लिनक्स चालवायची माझी वही

माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे. वर लेकीच्या शाळेचं लेबल तसंच आहे, तिनं चार पानं गणितं सोडवून टाकून दिलेली, पुढची सगळी पानं माझी. लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिमवर, काही अडलं आन् सुटलं की त्यात लिहायचं, काय अडलं, कुठली कमांड मारली, कशानं सुटलं. परभणीत बसून हे करायलो त्याला आता सहा-सात वर्षं झाली. पाहुणे, शेजारी, थोरल्या भावाच्या कृषी सेवा केंद्रावर येणारी गिऱ्हाइकं, सगळ्यांचे फोन येतात आन् दरवेळी तेच प्रश्न असतात, म्हणून म्हटलं एकदा वही उघडून सगळं एका जागी टाकावं.

कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजीत, सगळी अक्षरं छोटी, मधल्या जागा आन् डॅश जसेच्या तसे. सुडो (मालकाच्या अधिकारानं चालव) म्हणजे एस-यू-डी-ओ, अ‍ॅप्ट म्हणजे ए-पी-टी, सॉफ्टवेअर टाकायची कमांड.

नादी कोणी लागू नये

हे आधी सांगतो कारण नंतर शिव्या मलाच पडतात. मोंढ्यात आडत आहे, सगळा हिशोब टॅलीवर आहे, सीए टॅलीचीच फाईल मागतो, तर राहू द्या. टॅली लिनक्ससाठी येत नाही, वाइन नावाचं सॉफ्टवेअर टाकून विंडोजचे प्रोग्राम थोडेफार चालवता येतात पण दिवाळी पाडव्याला वह्या बदलायच्या टायमाला ते अडून बसलं तर काय करणार? फ्लेक्सचं दुकान असेल, दिवसाला दहा वाढदिवसाचे बॅनर कोरलड्रॉमध्ये करायचे असतील तरी राहू द्या (कोरलनं २००० साली लिनक्ससाठी कोरलड्रॉ ९ काढलं होतं, पुढं सोडून दिलं, गेली ती संधी). सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवत असाल तर तिथली अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचा डोंगल, यांची सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोज धरूनच बनवलेली असतात, तिथं दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेवा, निव्वळ लिनक्सवर जाऊ नका.

बाकी ज्याचं काम ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, अर्ज-पत्रं, साधी बिलं, तक्ते, पीडीएफ आन् रात्रीचा सिनेमा एवढंच आहे त्यानं बिनधास्त यावं. आन् सध्या येणारे बरेच आहेत, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलची चिप असली तर साधारण आठव्या पिढीपासून पुढची लागते. म्हणजे २०१५-१६ चा चांगला धडधाकट आय-थ्री लॅपटॉप, ४ जीबी रॅम, बॉडीला ओरखडा नाही, आन् म्हणे भंगारात टाका.

भावाच्या दुकानात पहिल्यांदा टाकलं तेव्हा तो म्हणला, "फुकट कशाला देतेत बे लोकं? काहीतरी गोम असंल." गोम काही नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या पोरानं कर्नल (सिस्टिमचा गाभा) लिहिला, पुढं तो असल्या लायसनखाली दिला की कोणीही घ्या, बदला, वाटा, पण बदललेलं वाटताना त्याचा कोडही द्या. आज मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर त्याच्यावर चालतात म्हणून त्याच कंपन्या पगारी माणसं ठेवून तो सुधारत असतात. तुझ्या खिशातला अँड्रॉइड पण त्याच कर्नलवर चालतो म्हणलं तेव्हा कुठं गप बसला.

कुठलं घ्यावं आन् कसं उतरवावं

लिनक्सचे शंभर प्रकार आहेत आन् प्रत्येकाचे भक्त. नवीन माणसानं त्या भांडणात पडू नये. मिंट घ्या. उबंटू २००४ ला आलं, मिंट २००६ ला, ते उबंटूवरच उभं आहे पण दिसायला आपल्या सवयीचं, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. २२ ची मालिका घेतली तर २०२९ पर्यंत अपडेट येत राहतात. त्यात सिनॅमन, माटे आन् एक्सएफसीई असे तीन अवतार मिळतात. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई, दिसायला जरा जुनाट आहे पण पळतं. आन् जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर आधी ती काढून एसएसडी टाका. एकदा मी एका पाहुण्याला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, लिनक्स हळू आहे म्हणून सोयऱ्यात माझी बदनामी केली, मग सहा महिन्यांनी एसएसडी टाकली आन् आता तोच दुसऱ्याला शिकवायलाय.

फाईल तीन जीबीच्या आसपास असते. आपल्याकडं दिवसाला दीड जीबीचा पॅक, त्यात भागत नाही. ज्याच्या घरी फायबर आहे त्याच्याकडं चहाला जा, नाहीतर टॉरेंटनं उतरवा, त्यात नेट तुटलं तरी जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. ब्राउझरमध्ये ९० टक्क्यांवर तुटलेलं डाउनलोड बघून माणूस म्हातारा होतो. उतरल्यावर साइटवर दिलेला चेकसम (फाईल नीट उतरली का ते कळायचा लांब आकडा) जुळवून बघा, कंटाळा करू नका, अर्धवट फाईल पेनड्राइव्हवर टाकून इन्स्टॉल अर्ध्यात लटकलेलं मी स्वतः भोगलंय, रात्री एक वाजता.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. विंडोजमध्ये रूफस किंवा व्हेंटॉय वापरा. व्हेंटॉयचं बरं असतं, एकदा पेनड्राइव्ह तयार केला की पुढं नुसती फाईल कॉपी करायची. त्यातला आधीचा सगळा डेटा मात्र जातो, लग्नाचे फोटो आहेत का बघून घ्या. मग मशीन बंद करून चालू करताना बूट मेनूची (कशावरनं चालू करायचं ते विचारणारी यादी) की दाबत राहायची: डेल आन् लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एस्केप दाबून मग एफ९.

आता घाई करू नका. पेनड्राइव्हवरनंच मिंट पूर्ण चालू होतं, डिस्कला हात न लावता. त्यात तासभर बसा. वायफाय येतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, झाकण लावून उघडलं तर जागं होतं का. यातलं दोन-तीन जरी जमंना तर त्या मशीनवर पुढं त्रास आहे एवढं समजून निर्णय घ्या.

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन दोन कामं करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावायचं साधन) चालू आहे का बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. आन् पॉवर ऑप्शनमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज खरं बंदच होत नाही, झोपतं, आन् लिनक्समधून त्याची ड्राइव्ह उघडली की फायली वाचता येतात पण लिहिता येत नाहीत. माणूस तासभर परमिशन बदलत बसतो, रोग भलतीकडंच असतो.

वायफाय दिसना

सगळ्यात जास्त फोन याचेच. "टाकलं बघा, मस्त दिसायलंय, पण नेटच येईना." काही वायफाय चिपांचे ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर), खासकरून ब्रॉडकॉमच्या, आत भरून येत नाहीत, आन् ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं, म्हणजे विहिरीत उतरायला दोर हवा आन् दोर विहिरीत. यावर सोपा इलाज: मोबाइल डेटा केबलनं जोडा (नुसती चार्जिंगची केबल चालत नाही, दहा रुपयांची केबल बदलून बघा), मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स त्याला वायरचं नेट समजतं, लगेच चालू. मग मेनूत ड्रायव्हर मॅनेजर उघडा, जे सुचवतं ते टाका, रीस्टार्ट.

डेटा वाचवायचं पण इथंच सांगतो. अपडेट मॅनेजरमधून सॉफ्टवेअर सोर्सेस मध्ये जाऊन मिरर (जिथनं फायली उतरतात तो सर्व्हर) बदला, यादीत प्रत्येकासमोर वेग दिसतो, जो पळतोय तो निवडा. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच प्रोग्राम कधीकधी दोन रूपात असतो, सिस्टिम पॅकेज आन् फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक नवीन असतं पण पहिल्यांदा टाकताना सोबत शेकडो एमबीचं सामान ओढून आणतं. मोबाइलच्या नेटवर असाल तर सिस्टिम पॅकेजच घ्या. घरात सारख्याच व्हर्जनच्या दोन मशीन असतील तर एका मशीनवर अ‍ॅप्ट-गेटनं उतरवलेल्या फायली व्हार, त्यात कॅशे, त्यात अ‍ॅप्ट, त्यात आर्काइव्ह्ज या फोल्डरमध्ये बहुतेक पडून असतात, तिथून पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्यावर टाकता येतात. दुकानात आन् घरात मी असंच करतो.

नेट आलं की दुसरं काम टाइमशिफ्ट. पहिलं मोठं अपडेट करायच्या आधी एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा, काही बिघडलं की सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते, अगदी चालूच होईना तर पेनड्राइव्हवरनं बूट करून पण. पण लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं, तुमचं होम फोल्डर धरत नाही, म्हणजे फोटो, बिलं, लेकरांचे प्रोजेक्ट यातलं काही त्यात नसतं. माझ्या चुलतभावानं "टाइमशिफ्ट हाय की" म्हणत डिस्क फॉरमॅट मारली. त्याचं पुढं काय झालं ते विचारू नका, अजून बोलत नाही नीट.

लाईट गेली

आता हे आपल्या भागाचं खास. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेलं कुठं वाचाल तर त्यात लाईट जायचं पानच नसतं.

डेस्कटॉपवर अपडेट चालू आहे, पट्टी साठ टक्क्यांवर, आन् लाईट गेली. परत आल्यावर मशीन चालू होते पण काहीच इन्स्टॉल होईना, डीपीकेजी (सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम) मधेच थांबलं असा मेसेज येतो. घाबरू नका. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आन् मारा: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. अर्धवट राहिलेलं सगळं तो पुरं करतो. त्यानंतर: सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. दहातल्या नऊ वेळा एवढ्यात भागतं.

पासवर्ड मागतो तेव्हा टाइप केलेलं दिसत नाही, काही मशीनवर नुसत्या चांदण्या उमटतात, काहींवर त्या पण नाहीत. कीबोर्ड खराब झाला म्हणून एक जण नवीन कीबोर्ड घेऊन आला होता. टाइप करा, एंटर मारा, दिसणारच नाही ते. टर्मिनलमध्ये पेस्ट करायला कंट्रोल-शिफ्ट-व्ही, नुसतं कंट्रोल-व्ही नाही. आन् कंट्रोल-सी मारलं तर कॉपी होत नाही, चालू काम मरतं.

कधी मेसेज येतो की लॉक मिळंना. त्याचा अर्थ मागं दुसरं कुठलं तरी अपडेट चालू आहे. पाच मिनिटं थांबा. इंटरनेटवर लॉकची फाईलच उडवा म्हणून सल्ले मिळतात, उगं उडवू नका, चालू असलेल्या कामाच्या पायाखालची फळी काढल्यासारखं होतं ते.

लाईटचा दुसरा प्रकार जरा भीतीदायक. मशीन चालू केली की मिंटचं चित्र येतच नाही, काळा पडदा आन् कंसात इनिट-रॅम-एफएस असं काहीतरी लिहून कर्सर लुकलुकतो. एक्सट-फोर फाईलसिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) आपली जर्नल ठेवते, म्हणजे लिहायच्या आधी कच्च्या वहीत टिपून घेते, म्हणून लाईट गेल्यावर बहुतेक वेळा ती आपलं आपण सावरते, पण कधी तरी तिला तुमचा हात लागतो. वर कुठल्या पार्टिशनची (डिस्कच्या तुकड्याची) तक्रार आहे ते लिहिलेलं असतं, समजा डेव्ह मधलं एसडीए२. मग मारा: एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२, सगळं झाल्यावर एक्झिट. हे वर्षातनं एकदा झालं तर लाईटचा दोष, पंधरा दिवसाला व्हायलं तर डिस्क चाललीय, डिस्क्स नावाच्या प्रोग्राममध्ये स्मार्टचा (डिस्कच्या तब्येतीचा) रिपोर्ट बघा आन् आधी डेटा काढून घ्या.

घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप जोडला असेल तर इन्व्हर्टरच्या मागं बहुतेक एक बटण असतं, यूपीएस मोडचं. ते तिकडं करा. साध्या मोडवर लाईट गेल्यावर बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात पंखा चालू राहतो पण कॉम्प्युटर बंद पडतो. हे मला भावाच्या दुकानात दोन वर्षांनी कळलं, तोवर बिचाऱ्या लिनक्सला शिव्या खाव्या लागल्या.

मराठी उमटंना

वहीतली सगळ्यात जास्त पानं याची.

टाइप करायला वेगळं काही उतरवावं लागत नाही. सिस्टिम सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, अधिकच्या चिन्हावर दाबा आन् यादीत भारतीय भाषांमध्ये मराठी शोधा. दोन प्रकार दिसतील, एक फोनेटिक, उच्चाराप्रमाणं, आन् एक इनस्क्रिप्ट. इंग्रजी-मराठी अदलाबदलीची की तिथंच ऑप्शनमध्ये ठरवा, मी ऑल्ट-शिफ्ट ठेवलंय.

नवीन माणूस फोनेटिककडं धावतो कारण सोपं वाटतं. माझं मत विचाराल तर आठ दिवस त्रास सोसा आन् इनस्क्रिप्ट शिका. १९९१ च्या भारतीय मानकात ती आहे, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच रचना, विंडोजवर गेलात तरी तीच, अँड्रॉइडवर पण मिळते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एवढं कळलं की बोटं आपोआप पळतात. लातूर लिहून बघा: एन, ई, एल, टी, जे. पाच की, एक शिफ्ट नाही. डी म्हणजे पाय मोडायचा, हलन्त. ळ ला शिफ्ट-एन. आन् ज्याच्यावर सगळे अडतात तो 'दुसऱ्या' मधला ऱ्य: शिफ्ट-जे, मग डी, मग तिरक्या रेघेची की. नुसत्या जे नं काढलात तर 'दुसर्या' असं होतं आन् शाळेतले गुरुजी लाल पेनानं गोल करतात. टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांची बोटं रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या रचनेवर) बसलेली असतात, त्यांनी आयबस आन् एम१७एन (टायपिंगच्या जास्तीच्या रचना देणारी सॉफ्टवेअरं) टाकून घ्यावं, त्यात हिंदीच्या यादीत रेमिंग्टन आहे.

मग फॉन्ट. मंगल लिनक्समध्ये नसतो कारण तो मायक्रोसॉफ्टचा आहे. नोटो सान्स देवनागरी, लोहित, मुक्ता हे सगळे मोफत आहेत, सुंदर आहेत. फॉन्टच्या फाईलवर दोनदा क्लिक करा, इन्स्टॉल दाबा. मंगलमध्ये केलेलं पत्र तुमच्याकडं उघडलं की फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात, एका पानाचं दीड पान होतं. म्हणून ज्याला फक्त वाचायचं, छापायचं आहे त्याला पीडीएफ पाठवा, वर्डची फाईल नको.

कृतीदेव, सुरेख असल्या जुन्या फॉन्टातल्या फायली हे वेगळंच दुखणं. त्या युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नाहीत. आत खरं इंग्रजी अक्षरं आन् चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा घालतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आन् कचरा दिसतो. लोक म्हणतात लिनक्सनं फाईल खराब केली. केली नाही, फाईल होती तशीच आहे. कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग डोळ्यानं एकदा वाचा, कारण जोडाक्षरं आन् रफार हमखास चुकतात. ग्रामपंचायतीचा वीस वर्षांपूर्वीचा ठराव असेल तर मूळ कागद शेजारी ठेवूनच वाचा.

लिब्रेऑफिसमधली एक खोच सांगतो, याच्यावर माझी एक आख्खी संध्याकाळ गेलीय. मराठी मजकूर निवडला, वरून फॉन्ट बदलला, साइज वाढवली, नंतर तपासलं तर इंग्रजी बदललं, मराठी जागचं हललं नाही. कारण लिब्रेऑफिस मराठीला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणजे सीटीएल समजतं आन् त्याचा फॉन्ट, साइज वेगळी धरतं. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथं भाषेच्या भागात सीटीएल चालू करा, भाषा मराठी निवडा, आन् मूळ फॉन्टमध्ये जाऊन सीटीएलचा फॉन्ट एकदाच मुक्ता नाहीतर नोटो करून ठेवा. पुन्हा डोकं दुखत नाही.

प्रिंटर

भावाच्या दुकानातला लेझर प्रिंटर, कंपनीचं नाव घेत नाही, आपल्याकडं दर दुसऱ्या दुकानात तोच असतो. तीन रात्री गेल्या. शेवटी चालला, पण लाईट गेली की रुसतो, बंद करून चालू करावा लागतो. यातनं शिकलो ते असं: प्रिंटर विकत घ्यायच्या आधी ओपनप्रिंटिंगच्या (लिनक्सवर कुठला प्रिंटर चालतो ते सांगणारी साइट) यादीत मॉडेल शोधा, नंतर नाही. एचपीच्या बहुतेक मॉडेलना एचपीलिप (एचपीचा लिनक्सवरचा ड्रायव्हर) चालतं आन् ते मिंटमध्ये मिळतं. त्यातही लेझरजेट १०२०, पी१००७, पी१००८ असल्या जुन्यांना एक जास्तीचं प्लगइन लागतं कारण हे प्रिंटर चालू झाले की दरवेळी त्यांना कॉम्प्युटरकडनं फर्मवेअर (प्रिंटरच्या आतला प्रोग्राम) भरून घ्यावं लागतं. टर्मिनलमध्ये एचपी-प्लगइन मारा, नेट चालू ठेवा, विचारेल त्याला हो म्हणा. नवीन वायफायवाले प्रिंटर बरेचदा ड्रायव्हर न मागताच दिसतात.

फुटकळ

पेनड्राइव्हवर कॉपी केलं, पट्टी शंभर टक्के झाली, उपसून घेतला, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लावला तर फाईल शून्य केबी. लिनक्स आधी रॅममध्ये घेऊन ठेवतो आन् मागनं सावकाश पेनड्राइव्हवर लिहीत बसतो. इजेक्ट दाबा, काढायला हरकत नाही असं येईपर्यंत थांबा. ज्याला धीर नाही त्यानं टर्मिनलमध्ये सिंक मारावं, कर्सर परत आला की झालं.

दोन्ही सिस्टिम असल्या की घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो, विंडोज तीच आपली वेळ समजतं, आन् भारताचा फरक नेमका साडेपाच तासांचा. सेल बदलू नका, घड्याळाचा सेल विकून दुकानदार खूश होतो फक्त. लिनक्समध्ये एकदा मारा: टाइमडेट-सीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ (टाइमडेटसीटीएल सगळं जोडून, मधला डॅश नाही).

फायलींच्या नावात मोठं अक्षर आन् छोटं अक्षर वेगळं धरतात. मोठ्या बी नं सुरू होणारी बिल आन् छोट्या बी ची बिल या दोन फायली आहेत, एकाच फोल्डरमध्ये सुखानं नांदतात, आन् तुम्ही चुकीची उघडून गेल्या महिन्याची बाकी वसूल करायला जाता.

४ जीबी रॅमवर ब्राउझरच्या वीस टॅब उघडल्या की सगळं गोठतं, माउस पण हलंना. आधी इलाज: सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल झेडरॅम-कॉन्फिग, याच्यानं रॅममधलंच सामान दाबून बसवतात, बराच फरक पडतो. तरी गोठलं तर सिनॅमनवर कंट्रोल-ऑल्ट-एस्केप, नुसता डेस्कटॉप नव्यानं चालू होतो, उघडलेल्या खिडक्या तशाच राहतात. तेही होईना तर पॉवरचं बटण दाबून धरायच्या आधी ऑल्ट आन् प्रिंटस्क्रीन दाबून धरा आन् सावकाश एस, यू, बी एकामागं एक. आधी डिस्कवरचं लिहून घेतो, मग डिस्क कुलूपबंद करतो, मग रीस्टार्ट होतो.

अपडेटनंतर मशीन चालूच होईना तर जुना कर्नल अजून आत असतो. चालू होताना एस्केप (जुन्या मशीनला शिफ्ट) दाबा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स मध्ये जा, यादीत रिकव्हरी मोड लिहिलेली ओळ सोडून त्याच्या खालचा, आधीच्या नंबरचा कर्नल निवडा. चालू झालं की निवांत बघा काय बिघडलं ते.

मे महिन्यातले फोन वेगळे. "लिनक्स अचानक स्लो झालं." पारा त्रेचाळीसवर, लॅपटॉप गादीवर, पंख्यात पाच वर्षांची धूळ. चिप तापली की स्वतःहून वेग कमी करते, सिस्टिम कुठलीही असो. एलएम-सेन्सर्स टाकून सेन्सर्स मारा, आकडा नव्वदच्या वर दिसला तर खालचं झाकण उघडून ब्रशनं पंखा झाडा, लॅपटॉप पाटावर ठेवा.

आन् मला फोन करायचाच असेल तर "चालंना" एवढंच सांगू नका. पडद्यावरचा मेसेज पूर्ण पाठवा. शेवटची ओळ सगळे पाठवतात पण खरं कारण बहुतेक वेळा वरच्या पहिल्या चुकीच्या ओळीत असतं, खालच्या ओळी नुसत्या तिच्या नावानं रडत असतात. टर्मिनलमधला मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी करून पाठवला तर उत्तम, फोटोच काढायचा असेल तर आधी ट्यूबलाईट बंद करा, नेमकी त्या ओळीवरच चमकती.